घोडा, म्हैस आणि माझी दाढी

वस्तरा घासायचा पहिला चामडी पट्टा कापला जाण्यासाठीच घ्यायचा, यावर वस्तऱ्याने दाढी करणाऱ्या जगभरच्या मंडळींचं एकमत आहे. ज्या पंथात साबणाच्या फेसावरून दोन माणसांचं पटत नाही, तिथे एवढं एकमत म्हणजे त्यात तथ्य असणार. तरीही लक्ष्मी रोडवर कुणी शालू दाखवताना 'हा घ्या ताई, पहिल्याच बारशाला फाटेल, मग चांगला न्यायला याच' असं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझ्यावर पट्टा शोधायची वेळ आली ती भाच्यामुळे. तो ड्युसेलडॉर्फला असतो. तिथून जवळच सोलिंगेन, सुऱ्या, कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या गाजलेलं गाव. आपल्याकडच्या जुन्या न्हाव्यांच्या धोकटीतही इंग्लंडचं शेफील्ड नाहीतर हे सोलिंगेन सापडायचं. 'मामा, खास तुझ्यासाठी' म्हणत त्याने वस्तरा माझ्या हातात ठेवला आणि विमानतळाच्या टॅक्सीत बसताना म्हणाला, 'पट्टा तेवढा तू घे.'

गल्लीतल्या सलूनवाल्याला विचारलं. तो नवीन ब्लेडचे मधोमध दोन तुकडे करतो, एक वस्तऱ्यात अडकवतो आणि दाढी झाली की फेकून देतो. 'पट्टा आजोबांकडे होता,' तो म्हणाला. 'तो जवळ नसला की ते तळहातावर घासायचे. तुम्हीही तळहातावरच करा ना, स्वस्तात पडेल.' एवढं बोलून तो माझ्या तळहाताकडे बघत राहिला. बहुधा आयुष्यरेषा शोधत असावा.

मुळात पट्टा धार काढत नाही. ते दगडाचं काम. पण धारेचा शेवटचा काठ इतका पातळ असतो की दाढी करताना तो वाकतो, मळतो. तो आधी कापडावर वीसेक वेळा आणि मग चामड्यावर पन्नासेक वेळा घासून सरळ, गुळगुळीत करायचा. पोलादाचं केसाने काय वाकडं होणार, असं मलाही वाटायचं. पण २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असलेला केस ब्लेडच्या धारेचे टवके उडवू शकतो. ते वाचल्यापासून मी स्वतःच्या हनुवटीशी जरा आदराने वागतो.

घासायचं ते पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवरच लोळवून उलटा करायचा. पाठ चामड्यावरून उचलायची नाही. नियम एवढाच. पण सिनेमातला न्हावी हे सटासट करतो, आणि वस्तरा हातात आला की नवशिक्याच्या अंगात तोच न्हावी संचारतो. पाठ उचलली जाते, धार आडवी येते आणि चामड्याला चीर पडते. म्हणून जाणकार सांगतात, पहिला पट्टा स्वस्तातला घ्या.

स्वस्तातला घ्या म्हटलं की आपली नजर आधी सगळ्यात महागावर जाते. नुसती बघायला. पट्ट्यांच्या दुनियेत हा मान कॉर्डोव्हनचा. घोड्याच्या पार्श्वभागाच्या कातड्यात आत एक घट्ट थर असतो, तो सोडवून, कमावून, घोटून हा पट्टा करतात. चांगला जपानी घ्यायचा तर किंमत वस्तऱ्याच्याही वर जाते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मी उत्साहाने आईला सांगितलं.

'कशाचं म्हणालास?'

'घोड्याचं.'

'घोड्याच्या कुठलं?'

सांगितलं.

'आणि ते तू तोंडाला लावणार?'

'तोंडाला नाही गं, वस्तऱ्याला.'

'आणि वस्तरा?'

या युक्तिवादाला जपानातसुद्धा उत्तर असेल असं वाटत नाही.

पट्टा गळ्यात मारायची कला मात्र जुनी. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये जॉर्ज पॅकवुड नावाचा पट्टेवाला होता. तो वर्तमानपत्रांत आपल्या पट्ट्यांवर कविता, कोडी, संवाद छापून आणायचा. १७९६ मध्ये त्याने त्या जाहिरातींचं पुस्तकच काढलं. म्हणजे लोकांच्या माथी मारलेली जाहिरात पुन्हा लोकांनाच विकली. हा माणूस पुण्यात का जन्मला नाही, कळत नाही.

रुंदीचा प्रश्न तसा किरकोळ. वस्तऱ्याचं पातं जेमतेम तीन इंच. तीन इंची पट्ट्यावर ते सरळ मावतं, दोन इंचीवर तिरकं ओढावं लागतं. मी अडीचवर तडजोड केली. खरा प्रश्न खिळ्याचा. टांगता पट्टा ताणून धरावा लागतो, सैल सोडला तर धार गोलावते. म्हणजे भिंतीत दणकट हूक हवा, आणि आमच्या घरात भिंतीला भोक पाडण्याचे अधिकार बायकोकडे आहेत. आहे त्या एकुलत्या एका खिळ्यावर कालनिर्णय. ते हलवलं तर संकष्टी कधी हे कुणालाच कळणार नाही. लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टाही मिळतो. त्याला खिळा लागत नाही, झोळ पडत नाही. समंजस माणसाने तोच घ्यावा. पण तो हातात धरला की पोळपाट घेऊन आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यासाठी कुणी वस्तऱ्याकडे वळत नाही.

मग कोल्हापूर सुचलं. पट्ट्याला झाडांच्या सालींनी कमावलेलं चामडं चांगलं मानतात, आणि कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये तिच्यासारखीच चप्पल थेट मिलानच्या फॅशन शोमध्ये चालली. माझी हनुवटी काही मिलानहून नाजूक नाही. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत एका दुकानात शिरलो आणि सांगितलं, म्हशीचं चामडं, दोन फूट लांब, अडीच इंच रुंद, एकसारखं जाड. वेणी नको, गोंडा नको, जर नको.

'आणि दुसऱ्या पायाचं माप?' पोराने विचारलं.

'एकच हवाय. वस्तऱ्यासाठी.'

त्याने आत तोंड करून हाक दिली, 'आबा, पुण्याचं पावणं आल्यात. एकच पट्टा मागत्यात.'

'एकाचा भाव न्हाई म्हणावं,' आतून आवाज आला. 'जोडीचाच पडंल.'

जोडीचाच भाव असेल तर दोन्ही द्या, म्हटलं. एक कापायला होईल. पोराने वहीत माप लिहून घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि गंभीरपणे विचारलं,

'करकर वाजणारा करू, का बिनआवाजी?'

मी वाजणारा सांगितला.