बॅटरी बांधायची तरी कुठं, माय!

ऐकलं का? आमच्या धाकट्या दिरांचा पोरगा चार दिवस झाले ताटावरसुद्धा मोबाइलमध्ये तोंड घालून बसतोय. आम्हाला वाटलं, पोरीचं काही लफडं असणार. थोरल्या जाऊबाईंनी तर तिचं कूळ-गाव काढायला घेतलं होतं! शेवटी उघड झालं काय, तर पोरगं बॅटरी कुठं बांधायची ते बघतंय. आणि तीही रायफलीला. आमच्या घरात बंदूक सोडा, धड गोफण नाही. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला ठेवायची म्हटली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि हा निघाला अमेरिकेच्या रायफली सजवायला.

म्हणे तिकडं रायफलीवर खाचांची पट्टी असते, पिकॅटिनी रेल तिचं नाव. १९९५ साली त्यांच्या लष्करानं तिची मापं ठरवून दिली. एका खाचेपासून दुसरीपर्यंत साधारण १० मिलिमीटर. माथ्यावर दुर्बीण बसते, मग बॅटरीला जागा कुठली? म्हणून ती बाजूला, ४५ अंशांत कलती; त्याला म्हणे ऑफसेट म्हणतात. फार मागं बांधली तर नळीचीच सावली उजेडात पडते, फार पुढं गेली तर अंगठा बटणापर्यंत पोचत नाही. डावीकडं की उजवीकडं, यावर म्हणे मोठमोठे बाप्ये हमरीतुमरीवर येतात. कामधंदा नाही का हो यांना?

पण खरं सांगू, हसायला आपल्यालाही तोंड नाही. वसमतकडच्या हळदीच्या रानात लाइटची पाळी रात्रीची आली की बघा. तिथं तर तीन पंथ! कपाळवाले पट्टा डोक्याला आवळतात आणि हात मोकळे म्हणून मिरवतात. मग अख्ख्या शिवाराचे किडे यांच्या नाकातोंडात. शिवाय समोरच्याशी बोलायला मान वळवली की त्याचे डोळे दिपले. काठीवाले बॅटरी काठीला गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळीनं बांधतात. यात मात्र अक्कल आहे, मी सांगते. उजेड डोळ्यांच्या रेषेतून पडला की सावल्या वस्तूंच्या मागं दडतात आणि सरी, ढेकूळ, घोणस सगळं एकसारखं सपाट दिसतं. तोच खालून, आडवा आला की ढेकळाचीसुद्धा हातभर सावली पडते.

तिसरा पंथ एकट्या आमच्या मामंजींचा. मफलरीत, डाव्या कानावर, बॅटरी तिरकी खोचायची. वर्षानुवर्षं सासूबाई त्यावरून बोलतायत, की सोंग दिसतंय म्हणून. परवा पोरानं ते पाहिलं आणि जागच्या जागी ओरडला, "आबा, हे तर ऑफसेट!" मोबाइलमधला कोन लावून मोजलं की हो त्यानं म्हाताऱ्याचं डोकं! चाळीस भरले. पाच अंशांसाठी नातू आजोबांची मफलर ओढतोय, आणि तिकडं मोटारीचं पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात.

त्यातच पोरानं आणखी काडी टाकली. औंढ्याच्या दुधाळ्याजवळ लायगो, ती गुरुत्वलहरी टिपायची वेधशाळा, होतंय ना, २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केलेलं? तिथं चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात टाकून त्यांतून लेसर सोडणार आहेत, असं त्यानं सांगितलं.

मामंजींनी कानावरची बॅटरी नीट केली.

"काटकोनात? मग मधली सरी कशी दिसायची त्यांना?"