साडेसात हॉर्सपॉवर आणि १.२ व्होल्ट

मुक्ताईनगर तालुक्यात मोटर जळणं ही काही बातमी नाही. केळीला पाणी चालू असतं, व्होल्टेज पडतं आणि साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळका वास सोडून गप्प होते. मालक एक शिवी डीपीला देतो, एक नशिबाला, आणि मोटर ट्रॉलीत टाकून भरायला नेतो. दुकानदार जळकी तार उपसतो, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालतो, वॉर्निश मारतो आणि मोटर पुन्हा पाण्यावर. अशी चारदा भरलेली मोटर मालक पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. नवी घ्या असं त्याला कोणी सुचवलं तर सुचवणाऱ्याच्याच डोक्याबद्दल शंका घेतली जाते.

त्याच घराच्या न्हाणीघरात, आरशाखालच्या फळीवर, एक इलेक्ट्रिक शेव्हर असतो. तो बंद पडला की सारं घर एकमताने म्हणतं, ‘फेका आता.’

असेच एक आप्पा. खानदेशात आप्पा, नाना, तात्या घरटी एक असतातच, त्यामुळे हे नेमके कोणते, या चौकशीत अर्थ नाही. त्यांच्या शेव्हरने मान टाकली ती ऐन लग्नसराईत, उजवा गाल गुळगुळीत आणि डावा जसाच्या तसा असताना. आप्पांनी चार्जरची पिन खुपसली. लाल दिवा लागला, पण यंत्र हलेना. घरभर वीज आणि यंत्र उपाशी! पाण्याने धुता येणारे बरेच शेव्हर मुद्दामच असे बनवतात. ओल्या हातात यंत्र आणि भिंतीत वायर, हा योग येऊ नये म्हणून वायर जोडलेली असताना ते चालतच नाहीत. कारण रास्त आहे. फक्त ते अर्ध्या दाढीच्या माणसाला पटत नाही.

“सलूनमध्ये जाऊन या,” काकूंनी आतून सांगितलं, “नाहीतर वऱ्हाडात डाव्या बाजूला कोणी बसू देऊ नका.”

वास्तविक या यंत्राला पूर्वी बॅटरी नव्हतीच. अमेरिकन लष्करातले जेकब शिक यांनी १९३१ साली विजेचा शेव्हर बाजारात आणला, तो वायरीवर चालणारा. १९३९ साली फिलिप्सने गोल फिरत्या पात्यांचा काढला. तो अलेक्झांडर होरोविट्झ या अभियंत्याने घडवला, आणि तोही वायरीचाच. १९६० साली रेमिंग्टनने चार्ज होणारी बॅटरी पोटात घातली आणि माणूस भिंतीपासून सुटला. सुटला तो बॅटरीच्या दावणीला बांधला गेला. पाती बदलता येतात, मोटर वर्षानुवर्षं फिरते. मरतो तो आतला बोटाएवढा सेल, आणि सुतक मात्र सगळ्या यंत्राचं.

आप्पांनी सुतक पाळायचं नाकारलं. ज्या माणसाने पाण्यातली मोटर चारशे फुटांवरून वर ओढली आहे, त्याने तळहाताएवढ्या डबीपुढे हार का मानावी? त्यांनी टेस्टर काढला. मराठी घरात टेस्टर हा वीज तपासायला कमी आणि उरलेल्या सगळ्या कामांना जास्त वापरला जातो. पण स्क्रूंचं तोंड सहा पाकळ्यांचं निघालं. तसला स्क्रू ड्रायव्हर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आला, झाकण उघडलं, आणि आतून आप्पांची गेल्या कित्येक वर्षांची दाढी बाहेर पडली. खालच्या थरात काळी भुकटी, वरच्या थरात पांढरी. वय झाल्याचा इतका पद्धतशीर पुरावा त्यांना निवृत्तीच्या आदेशातही मिळाला नव्हता.

आत सेल होता निकेल-मेटल हायड्राइडचा, १.२ व्होल्टचा. दिसायला भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसाच, पण दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या आणि त्या सर्किटला सोल्डर केलेल्या. इथे बहुतेक शूरवीर घसरतात. घड्याळातला साधा सेल घालू नये. तो चार्ज होण्यासाठी बनवलेला नसतो, गळतो, क्वचित फुटतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच आकाराचा लिथियम सेल. मापात नेमका बसतो, पण देतो ३.७ व्होल्ट, म्हणजे तिपटीहून जास्त. शेतात ज्याने एकदा सिंगल फेजच्या पंपावर भलतीच फेज आलेली पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको.

सेल अकाली का मेला, यावर ओट्यावर परिषद भरली. एकाचं मत, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावलाच कशाला? हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. तो सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली शोधला, आणि त्याला रोज थोडंसंच वापरून चार्ज केलं तर तेवढीच मजल लक्षात ठेवायची खोड होती. पुढे लिथियम आला. १९९१ साली सोनीने तो बाजारात आणला, २०१९ साली त्याच्या तिघा जनकांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याचा स्वभाव अगदी उलटा, पार रिकामा केला की खंगतो. बापाचं औषध मुलाला विष झालं, पण ओट्यावर बापाचंच औषध चालू आहे.

खरा संशयित मात्र डोक्यावर तळपत होता. सेल कोणताही असो, उष्णतेने तो लवकर म्हातारा होतो. लिथियमचे सेल चार्ज करण्याची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस सांगतात. माहितीपुस्तिकेत हा आकडा सावधगिरीचा इशारा म्हणून छापतात. जळगाव जिल्ह्यात ४५ ही वैशाखातली नेहमीची दुपार. त्यात आप्पांचा शेव्हर पत्र्याच्या न्हाणीघरात, तोही रात्रंदिवस चार्जरला टांगलेला. जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. त्यांनी काळाला हुलकावण्या देत चौदाशे वर्षं काढली, अशी आख्यायिका. सेलला असली योगविद्या येत नाही.

वॉरंटी कार्ड सापडलं. त्यावर दुकानाचा शिक्का नव्हता, तारीख नव्हती, सही नव्हती. मुक्ताईच्या गावात कोरा कागद म्हटल्यावर सगळ्यांना चांगदेवांचं कोरं पत्र आठवलं आणि कार्ड पुन्हा कपाटात गेलं.

गावातल्या दुकानांत एकच उत्तर मिळालं, “याचं काही येत नाही, आप्पा. नवाच घ्या.” बाकावरच्या मित्राने भर घातली, “तुझ्या गुडघ्याला पार्ट मिळाला नाही, याला कुठून मिळीन भो!” अखेर सेल मिळाला जळगावला, गोलाणी मार्केटात, जिथे मोबाइलचे तुकडे भाजीसारखे मांडलेले असतात. आप्पांनी पट्ट्या लावलेलाच सेल मागितला, ही त्यांची हुशारी. उघड्या सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवून बसलं की आतला पडदा आणि सील भाजून निघतं. पट्ट्या कारखान्यात क्षणभराच्या स्पॉट वेल्डिंगने जोडतात. घरी आल्यावर अधिक-उणे दोनदा तपासून पट्ट्या जोडल्या. यंत्र गुरगुरलं. डाव्या गालाला न्याय मिळाला. लग्न तोवर उरकलं होतं.

युरोपीय संघाला ही कटकट कायद्याच्या पातळीवर कळली आहे. तिथल्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. पण मुख्यतः पाण्यात वापरायच्या, धुता येणाऱ्या उपकरणांना सवलत आहे. त्यांची बॅटरी कारागिराने बदलता आली तरी चालेल. म्हणजे ओल्या दाढीचं यंत्र या फटीतून निसटू शकतं. निदान कारागिराला तरी ते उघडता यावं, एवढी अट उरली. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण जी माणसं साडेसातची मोटर डोळे मिटून भरतात त्यांच्या दुकानात १.२ व्होल्टचा सेल ठेवायला अजून कोणी सांगितलेलं नाही. मोटर भरणाऱ्यांनीच हा धंदा हाती घ्यावा. हात तयार आहेत आणि गिऱ्हाईक दर लग्नसराईत येणार आहे.

तोवर घरी कोणी झाकण उघडणारच असेल, तर आधी आतला फोटो काढून ठेवा, जुन्या सेलवरचे व्होल्ट आणि माप कागदावर लिहूनच बाजारात जा. आतला सेल लिथियमचा निघाला तर त्याला टेस्टरने उचकटू नका, भोक पडलं तर पेट घेतो. आणि काढलेला सेल घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो वेगळा द्यायचा असतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचता करा.