बाटली अभ्यासाला बसली

ग्रंथालयात बसायला जागा आहे की नाही, हे आता विद्यार्थ्याला मोबाइलवर कळणार. दारात कार्ड टेकवायचं. माणूस आत गेला की एक जागा कमी, बाहेर पडला की एक जास्त. शिवाय दारावर लाल आकड्यांचा फलक : ‘उपलब्ध जागा ८७’. उद्‌घाटनाला फीत होती, नारळ होता आणि पहिली जागा स्वतः प्राचार्यांनी शोधून दाखवली. ती लगेच सापडली, कारण कार्यक्रमासाठी त्या दिवशी विद्यार्थ्यांना वाचनकक्ष बंद होता.

आता एखाद्या साध्या दिवशी आत जाऊन पाहा. सत्त्याऐंशी रिकाम्या खुर्च्यांपुढे सत्त्याऐंशी पाण्याच्या बाटल्या. यंत्र माणसं मोजतं आणि बाटलीला ओळखपत्र नसतं. मालक सकाळी आठला येतो, बाटली ठेवतो, कार्ड टेकवून तासाला, कँटीनला, क्लासला जातो आणि पाच वाजता बाटली न्यायला येतो. दुसऱ्याची बाटली उचलायची आपल्याकडे कुणाची छाती नाही. लाल डब्याच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांची ही नातवंडं.

बाटलीबद्दल मला मात्र आदर आहे. नऊ-नऊ तास एका जागी बसते, डुलक्या घेत नाही, रील पाहत नाही, शेजारणीशी कुजबुजत नाही. ७५ टक्के हजेरीची अट तिला लावली तर ती सन्मानाने परीक्षेला बसेल. मालकाचं सांगता येत नाही. बाटल्यांतही प्रतवारी आहे. लेबल सोललेली, अर्धी भरलेली प्लॅस्टिकची असेल तर प्रथम वर्ष. स्टीलची असेल तर स्पर्धा परीक्षा. ती शेजारची खुर्चीही डब्यासाठी धरते. परीक्षा जवळ आली की नुसतं झाकणसुद्धा जागा अडवतं आणि लोक त्या झाकणालाही वळसा घालून जातात. दप्तर बाहेर काउंटरवर, टोकन घेऊन ठेवायचं, कारण पुस्तकं चोरीला जातात. खुर्च्या चोरीला गेल्याची नोंद कुठे करायची, ते रजिस्टर अजून निघालेलं नाही. यावर समितीने उपाय शोधलाय म्हणे : खुर्चीखाली सेन्सर, अंगाची ऊब ओळखणारे. ठीक आहे. मुलं चहाचा थर्मास आणतील.

हसून झालं असेल तर एक विचारतो. ज्या पोराच्या खोलीत तीन कॉट आहेत आणि टेबल एकही नाही, त्याने फलक वाचून तीन जिने चढायचे, बाटल्यांना प्रदक्षिणा घालायची आणि खाली उतरायचं? फीच्या पावतीवर ग्रंथालय शुल्क भरायचं आणि पुन्हा सदाशिव पेठेत खाजगी अभ्यासिकेला दर महिन्याला पैसे मोजायचे, तेही एका खुर्चीसाठी? ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आपल्याच देशात १९३१ साली मांडले गेले. त्यांतला चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही तो वाया कसा गेला, हे मोबाइलवर दाखवायची सोय केली. संध्याकाळी सहाला कुलूप, रविवारी कुलूप, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पंखे-खुर्च्यांनी सज्ज सभागृहाला बारमाही कुलूप, कारण तिथे वर्षातून दोनदा शाली वाटल्या जातात!

बाटल्या उठवायला यंत्र लागत नाही. तासाला एक फेरी मारायची, बेवारस वस्तूपुढे वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, अर्ध्या तासाने मालक आला नाही तर वस्तू काउंटरवर जमा करायची. एवढं काम ग्रंथालय परिचर सहज करील. पण भरती होत नाही. कॉलेजात खरोखर रिकामी असलेली जागा तेवढी एकच, परिचराची, आणि ती फलकावर दिसत नाही.

परीक्षा तोंडावर आली आहे. सभागृहाची किल्ली ज्यांच्या खिशात असेल त्यांनी ती उद्या सकाळी काउंटरवर आणून द्यावी. सेन्सरचं पुढच्या वर्षी बघू.