संस्थापक, अध्यक्ष आणि वेलांटी

प्रस्तुत लेखकाच्या कंपनीत सेल्स, सपोर्ट, अकाउंट्स असे सगळे विभाग आहेत. प्रत्येकाचा ईमेल वेगळा आणि सगळे ईमेल येतात एकाच फोनवर. बिल थकलं की अकाउंट्स विभाग कडक भाषेत लिहितो. गिऱ्हाईक चिडलं की सपोर्ट विभाग त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. पंचाईत होते ती बोलताना. "मी जरा मीटिंगमध्ये आहे, टीमला सांगतो," असं भारदस्त आवाजात म्हणावं आणि नेमकं तेव्हाच लोकलमधल्या बाईने जाहीर करावं, 'पुढील स्टेशन नायगाव'.

कंपनी वसईत आहे, म्हणजे बेडरूममध्ये आहे. माल एकच. क्लासवाले, डेंटिस्ट, लग्नाचे हॉल, अर्नाळ्याची रिसॉर्टं यांना आपली वेबसाइट आपणच बदलता यावी असं सॉफ्टवेअर, वर्षाच्या भाड्याने. आपणच कोणी बदलत नाही. "दिवाळीच्या शुभेच्छा टाका ना," म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, तोही आडवा.

लेखकाचं दैवत व्हँकुवरचं. मार्कुस फ्रिंड या गृहस्थाने २००३ मध्ये 'प्लेंटी ऑफ फिश' ही जोड्या जुळवणारी वेबसाइट एकट्याने काढली, पुढची काही वर्षं घरातूनच एकहाती चालवली आणि २०१५ मध्ये साडेसत्तावन्न कोटी डॉलरना विकली. फ्रिंडचं नाव घरात इतक्या वेळा निघतं की सासूबाईंना तो जावयाचे पैसे बुडवलेला कोणी वाटतो. जवळचं उदाहरण हवं तर रहिमतपूरचे कैलास काटकर आहेतच. दहावीनंतर शाळा सुटली, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त केले, धाकट्या संजयने अँटिव्हायरस लिहिला आणि 'क्विक हील' २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरली. भाऊ लेखकालाही आहे, पण तो बँकेत चिकटलाय.

सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. लोक याला सवलत म्हणतात. लेखकाला तो पाणउतारा वाटतो.

पण लेखकाला खरा घाम फुटतो तो वेलांटीने. गिऱ्हाइकाचा मराठी मजकूर येतो डीटीपीवाल्याकडून, जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त वरून देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढा, की टोप्या घातलेली परदेशी अक्षरं आणि पौंडाच्या खुणा उघड्या पडतात. बरं, प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण छपाईची सॉफ्टवेअरं पुढे कितीतरी वर्षं तिला दाद देईनात, म्हणून डीटीपीवाले जुन्यालाच धरून बसले. आता रूपांतर करायचं. जुन्या पद्धतीत 'कार्तिक' लिहिताना आधी वेलांटी, मग त, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये सगळं उलटं : आधी अर्धा र, मग त, शेवटी वेलांटी. म्हणजे एकाच त वरून वेलांटीने उजवीकडे आणि रफाराने डावीकडे उडी मारायची. जोडाक्षर असेल तर वेलांटीने ते अख्खं ओलांडायचं. 'स्थिती'त ती हमखास मध्येच बसकण मारते. हा प्रोग्राम लिहिण्यात लेखकाने जो काळ घालवला, तेवढ्यात फ्रिंडने आणखी एखादी कंपनी विकली असती. बायको रात्री विचारते, "झालं का?" लेखक म्हणतो, "रफार राहिलाय." या संसारात प्रेमाचा संवाद म्हणतात तो हाच.

रूपांतराचं हे सगळं ज्यांच्यामुळे सुरू झालं, ते निर्मळकडचे एक निवृत्त गुरुजी. पेनड्राइव्हमध्ये त्यांनी जमवलेली, सामवेदी या वसईकडच्या बोलीतली लग्नाची गाणी आणि शब्द. फायलींवर पत्ता अजून 'जि. ठाणे', पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणजे टायपिंग त्याआधीचं. "गाणाऱ्या बाया आता नाहीत," गुरुजी म्हणाले, "नातवंडं अमेरिकेत शोधतात, त्यांना काही सापडत नाही." सापडणार कुठून? सर्च इंजिनच्या लेखी ही गाणी म्हणजे पौंडाच्या खुणा. संस्थांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, कोणाकोणाची आयुष्यभराची टिपणं अशीच संगणकात पडून आहेत, आणि मालकांना वाटतं की ती सुरक्षित आहेत. लेखकाला याचा संताप येतो. मराठीच्या अभिमानाचे फलक लावायला वर्गणी निघते, वेलांटी जागेवर आणायला निघत नाही.

गुरुजींकडून पैसे घेतले नाहीत. त्यांनी सुकेळी दिली. अकाउंट्स विभागाला ती कुठल्या खात्यात दाखवावी कळेना, तोवर सपोर्ट विभागाने निम्मी संपवली.

नंतर गुरुजींनी लेखकाचं गावभर नाव केलं. फ्रिंडला मिळालं तसं एकही गिऱ्हाईक आलेलं नाही, पण पेनड्राइव्ह येतात. परवाच एका पतपेढीचे माजी चेअरमन पंचवीस वर्षांचे अहवाल घेऊन आले. फॉन्ट कुठला, असं विचारल्यावर त्यांनी लेखकाकडे दयेने पाहिलं.

"अहो, मराठीच आहे. वाचता येत नाही का तुम्हाला?"