ओटा नसलेलं घर

कंपनीनं मला श्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात ठराव झाला की आधी मी एकट्यानं पुढे जायचं, घर बघायचं आणि मग मंडळी येणार. मला त्यात अवघड काही वाटलं नाही. पुण्यात आम्ही पाच घरं बदललेली. एजंट, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, मालकाचं ‘भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत’, सगळं तोंडपाठ होतं.

इथे आल्यावर कळलं, की भाडं दोन प्रकारचं असतं : थंड आणि गरम. थंड भाडं नुसत्या जागेचं. त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा असं सगळं मिळवलं की ते गरम होतं. विजेचं बिल बहुधा त्याहूनही वेगळं. हे मी फोनवर बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग आपण थंडच घेऊ ना. स्वेटर आहेत सगळ्यांचे.”

डिपॉझिट मात्र कायद्यानं तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त मागता येत नाही. हे वाचून मला या देशाबद्दल प्रेम वाटू लागलं, ते ‘शूफा’ भेटेपर्यंत टिकलं. शूफा म्हणजे तुमच्या पतीचा दाखला. पत या अर्थी. कर्जं, हप्ते कसे फेडलेत याची तिथे नोंद असते आणि मालक आधी तो कागद मागतो. कुणाचं देणं ठेवायचं नाही, हे व्रत मी जन्मभर पाळलं, पण त्याची जर्मनीत कुठेच नोंद नव्हती. चाळिशीत मी पुन्हा पाटी कोरी करून बसलो.

मग माहितीपत्रक भरायचं. पगार किती, माणसं किती, कुत्रा आहे का, सिगारेट ओढता का, घरात वाद्य वाजतं का. शेवटच्या प्रश्नाशी मी अडलो. लेक पेटी शिकते. पेटीला वाद्य म्हणावं, असं ती अजून वाजवत नाही. तरी खोटं कशाला लिहा! ‘लहान हार्मोनियम, रोज अर्धा तास’ असं लिहून टाकलं. बऱ्याच मालकांचं उत्तर आलंच नाही. त्यात पेटीचा दोष किती आणि शूफाचा किती, देव जाणे.

अखेर एका आजीबाईंनी घर दाखवायला बोलावलं. जाहिरातीत ‘तीन खोल्या’ होत्या. इथे खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत, म्हणजे आपल्या हिशेबानं ते टू बीएचके. मी व्हिडिओ कॉल लावला. पुण्याहून बायको, लेक आणि आई एकाच फोनात डोकी खुपसून घर बघू लागल्या. आईनं पूर्व कुठे ते विचारून देवांची जागा मुक्रर केली. लेकीला खिडकीतून दिसणारा चढ आवडला. हे शहर वाडग्यात वसल्यासारखं आहे, कुठेही जा, पायऱ्या आहेतच. मग बायको म्हणाली, “आता स्वयंपाकघर दाखव.”

“हे काय, तिथेच उभा आहे.”

फोनमध्ये शांतता पसरली. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. भिंतीतून पाण्याचे दोन पाइप डोकावत होते आणि शेगडीसाठी वायरी लोंबत होत्या. आजीबाईंना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, “आधीचे भाडेकरू घेऊन गेले ना.” काय घेऊन गेले? स्वयंपाकघर! इथे पुष्कळ लोक घर सोडताना ओट्यासकट सगळं उचकटून नेतात, नाहीतर येणाऱ्याला विकतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे ऐकलं होतं; त्यात सिंकही असतं, हे नवीन होतं. आपल्याकडे चूल मांडली की संसार सुरू होतो. इथे चूल मांडायची म्हणजे आधी सुतार, मग प्लंबर, मग इलेक्ट्रिशियन.

तरी घर घेतलं. सही करताना आजीबाईंनी गंभीर चेहऱ्यानं ‘केरवोखं’ समजावली. त्यातला ‘केर’ मला ताबडतोब कळला, कारण जर्मनमध्येही त्याचा संबंध झाडण्याशीच आहे. एकेक आठवडा एकेका बिऱ्हाडानं जिना झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. शहराच्या नियमावलीतून ही सक्ती १९८८ साली गेली, पण भाडेकरारांतून तिला कोण हलवणार? आईला सांगितलं, तर तिला नवल मुळीच वाटलं नाही. ती गिरगावात चाळीत वाढलेली. “आमच्याकडे गॅलरीच्या पाळ्या होत्याच की,” ती म्हणाली. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. नातं कशावरून जुळवलं असेल, याची शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली.

मंडळी यायला अजून दीड महिना आहे. जमिनीवर एक विजेची शेगडी मांडून मी खिचडी करतो. गेल्या शनिवारी दारावर पाटी आली. फोन वरच्या पायरीवर टेकवून मी झाडू हातात घेतला, आई पुण्याहून देखरेख करत होती. तीन मजले उतरून खाली आलो, घाम पुसला.

“कोपरे राहिले,” फोनमधून आवाज आला.

तेवढ्यात तळमजल्यावरचं दार उघडून शेजारीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या श्वाबियन बोलीतलं मला एक अक्षरही कळलं नाही. पण बोट कोपऱ्याकडेच होतं.