डॉट कॉमची आत्या

जगाला नावं ठेवणारे आमच्या आळीत पुष्कळ आहेत. नाव ठेवण्याचे पैसे घेणारे मात्र एकटे नाना. बारशाला आत्या करते तेच काम ते धंद्यांसाठी करतात. कुणी नवा व्यवसाय काढला, की त्याच्या वेबसाइटला नाव सुचवायचं. पसंत पडलं तर बिदागी, नाही पडलं तर हरी हरी. आत्याला निदान साडी तरी नक्की असते.

तशी त्यांची उभी हयात नावांतच गेली. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर ते तीस वर्षं होते. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तर नोंदीतला रकाना कोरा राहतो; वर्षाच्या आत कळवलं तर फुकट, पुढे विलंब शुल्क. कोरा रकाना दिसला की नानांचा जीव कासावीस व्हायचा. "सुहास घ्या की हो, चांगलं आहे," असं ते खिडकीतूनच सांगायचे. निवृत्तीनंतर पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, की असं नाव सुचवणाऱ्याला परदेशात लोक डॉलर देतात. त्या रात्री नानांना झोप नाही. तीस वर्षं फुकट वाटली!

तेव्हापासून लाल कापडी बांधणीची एक चोपडी झाली. 'सुचवली : ४१२. लागली : ३.' एकेका नावासाठी शेकडो जण सूचना पाठवतात आणि पैसे एकालाच मिळतात, हे मी एकदा सौम्यपणे काढलं. "लॉटरीपेक्षा बरं. इथे डोकं चालतं," नाना म्हणाले.

डोकं चालतं यात शंका नाही. थांबत नाही हीच अडचण आहे. जगात त्यांच्या लेखी आता दोनच प्रकारची नावं उरली आहेत : 'मिळतंय' आणि 'गेलंय'. परवा पायरीवर बसून ते खिन्नपणे म्हणाले, "वसंत गेलं हो." आमच्या हिनं छातीवर हात ठेवला. "अगंबाई! कधी?" "फार पूर्वीच." "आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही!" मग नानांनी धीर दिला, की मालकानं मुदत संपल्यावर पैसे भरले नाहीत तर सुटेलही. पण डॉट कॉम लगेच सुटत नाही. आधी काही दिवस सवलत, मग ३० दिवस सोडवून घ्यायची संधी, वर आणखी ५ दिवस लटकंती. "माणूस तेराव्याला मोकळा होतो, नावाचा जीव दोन-दोन महिने घुटमळतो. मग कावळा शिवतो," मृत्यू नोंदणीतला अनुभवी माणूस म्हणाला.

गावातली गिऱ्हाइकं डॉलर देत नाहीत, चहा देतात. पतसंस्थेच्या अध्यक्षांना 'ग्रामीण बिगरशेती सहकारी' पासून 'मर्यादित, कार्यक्षेत्र संपूर्ण जिल्हा' पर्यंत सगळं नावात हवं होतं. टिंबाआधी ६३ पेक्षा जास्त अक्षरं बसत नाहीत, हे ऐकून त्यांनी विचारलं, "वरती कुणाशी बोलावं लागेल?"

खरी गंमत आडनावांची. २०१४ पासून 'डॉट भारत' घेऊन अख्खं नाव देवनागरीत लिहिता येतं, हे नाना पोटतिडकीनं सांगतात. पण गिऱ्हाइकाला इंग्रजीच हवं असतं, आणि इंग्रजीत आमची आडनावं भलताच अवतार घेतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर साने खूश झाले, कारण साहेब लोक ते 'सेन' वाचतात, म्हणजे शहाणा. सर्जन गोऱ्यांना मात्र 'गोअर' म्हणजे रक्ताचा सडा, हे कळल्यावर चहा अर्धाच मिळाला. दात्यांच्या विवाह मंडळाचं झालं 'डेट'. म्हातारे दाते आठ दिवस बोलत नव्हते. नवव्या दिवशी पेढे घेऊन आले. मंडळात कधी नव्हे ती तरुण मुलं आपणहून नाव नोंदवत होती.

गेल्या महिन्यात नानांच्या नातीचं बारसं झालं. हॉल भरलेला, पाळणा सजलेला. नाना कोपऱ्यात मोबाइल उघडून बसलेले. आत्या, म्हणजे त्यांचीच लेक, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "रेवा!"

"गेलंय!" कोपऱ्यातून नाना ओरडले.

हॉल गार झाला. कुणीतरी 'शिव शिव' म्हटलं. माईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापुढे विलंब शुल्क काहीच नाही. लेक तेवढी हसली. "नाना, हिला आपण ठेवून घेणार आहोत. विकायचं नाहीये."

संध्याकाळी मी पेढ्याचा बॉक्स परत करायला गेलो, तर चोपडी उघडी. 'लागली' च्या पुढे नानांनी नवाच रकाना आखला होता : 'घेतलं'. चारशे बारा नावं लोकांना सुचवली, स्वतःसाठी एकही घेतलं नव्हतं. आज रेवाच्या पुढे आडनाव लावून डॉट इन घेतलं होतं, पेन्शनमधून, दहा वर्षांचे पैसे एकदम भरून.

"दहाच का?"

"त्याहून जास्त देत नाहीत हो," नाना चष्मा पुसत म्हणाले. "पुढचं नूतनीकरण तिचं तीच करेल. आपलं तोवर गेलेलं असेल."