डॅशबोर्डामागच्या कलावंतास

राजमान्य राजेश्री अनाम फिटरसाहेब यांसी,


आपली ओळख नाही. तुमचं नाव, गाव, दुकान, काहीच मला माहीत नाही. पण ओळीने तीन रविवार मी तुमच्या हातच्या कामात डोकं खुपसून बसलो होतो, त्यामुळे आता तुमच्या सख्ख्या भावाला नसेल एवढी तुमची माहिती मला झाली आहे. तुम्ही वायर दातांनी सोलता. वरच्या दोन दातांत फट आहे. तुमच्याकडे काळी टेप नेहमी संपलेली असते आणि चिकटपट्टी मात्र मुबलक असते. आणि तुम्हाला रंग ओळखू येत नाहीत, किंवा येत असले तरी त्यांच्याशी तुमचं जुनं वैर असावं.

गाडी तुम्हाला आठवणार नाही, म्हणून सांगतो. 1999ची मारुती 800, पांढरी. मी तिचा तिसरा मालक. माझ्याआधी ती एका निवृत्त गुरुजींकडे होती. व्यवहार झाल्यावर गुरुजींनी मला बोनट उघडून दाखवलं आणि म्हणाले, "रोज रात्री बॅटरीचं हे एक टर्मिनल तेवढं काढून ठेवायचं. सकाळी लावायचं." मला वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे! जुन्या पिढीला विजेची किती किंमत! ती शिस्त नव्हती, साहेब. तुम्ही त्यांना लावून दिलेलं ते पथ्य होतं, आणि गुरुजी बिचारे वर्षानुवर्षं ते पाळत आले होते.

मी पथ्य पाळलं नाही. मंगळवारी लावलेली गाडी शनिवारी सेल्फ मारल्यावर नुसती 'टक्' म्हणाली. कार्ब्युरेटरवाली गाडी, धक्क्यावर सुरू होते, म्हणून सोसायटीतल्या तिघांना खाली बोलावलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या शनिवारी तिघांपैकी दोघांना अचानक बाहेरगावी जायचं होतं. बायको गॅलरीतून म्हणाली, "चालू दे, तेवढंच तुमचं पोट तरी आत जाईल." कोपऱ्यावरच्या माणसाने बॅटरी गेली म्हणून सांगितलं. नवी आणली, 35 अँपिअर-अवरची. तीही चौथ्या दिवशी गेली. मग त्याने अल्टरनेटर गेल्याचं सांगितलं. तेव्हा मात्र मी मीटर काढला.

बॅटरीची ऋण बाजू सोडवून मध्ये मीटर लावला, दारं बंद, चावी खिशात. काटा दाखवत होता 0.4 अँपिअर. चांगल्या गाडीत हा आकडा 0.05च्या आत हवा. 35 भागिले 0.4, म्हणजे साडेसत्त्याऐंशी तासांत टाकी रिकामी, आणि इंजिन फिरवण्याएवढा जोर तर त्याच्या कितीतरी आधी संपतो. एकेक फ्यूज काढत गेलो, काटा हलेना. अर्थातच. कारण तुमची वायर फ्यूजबॉक्समधून गेलेलीच नव्हती.

डॅशबोर्डातला गाण्यांचा डेक बाहेर ओढला आणि तुमचं दर्शन झालं.

आता हे तुम्हाला सांगायचं म्हणजे गवयाला सा शिकवण्यासारखं आहे, पण बाजारातल्या जवळपास प्रत्येक डेकच्या मागे पिवळी आणि लाल अशा दोन वायरी वेगवेगळ्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. पिवळी कायम बॅटरीवर. तिच्यावर घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं जिवंत राहतात, ती घोटभर वीज पिते. लाल चावीवर. चावी फिरली की डेकला कळतं, मालक आले. चावी काढली की कळतं, झोपा आता. काळी अर्थ. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा; आणि त्याच रंगावर काळा पट्टा असला की ती त्या स्पीकरची ऋण बाजू. झाली सगळी विद्या. पाचवीतल्या पोराला दुपारच्या सुट्टीत पाठ होईल.

तुम्ही पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीवर दिलीत. त्यामुळे तुमच्या डेकच्या लेखी मालक 2009 सालापासून गाडीतून उतरलेलाच नाही. बिचारा रात्रंदिवस हुजऱ्यासारखा उभा.

2009 कुठून आलं, हेही सांगतो. नव्या डेकबरोबर एक पत्र्याची चौकट येते. ती खाचेत बसवायची, स्क्रू-ड्रायव्हरने तिचे कान बाहेर वाकवायचे आणि डेक त्यात सरकवायचा. 182 बाय 53 मिलिमीटरची ती खाच. जर्मनांनी माप ठरवून दिलं, जगाने उचललं, म्हणून तर त्या मापाचा कुठल्याही कंपनीचा डेक तशी खाच असलेल्या कुठल्याही गाडीत बसतो. चौकट तुम्ही फेकून दिलीत. मग डेक खडखडू लागला असणार. त्यावर तुम्ही त्याच्या अंगाला पाचर मारलीत ती एका लग्नपत्रिकेची, चार घड्या घालून. मे 2009, गोरज मुहूर्त, स्वरुची भोजन. अहेर आणू नये. तुम्ही लग्नाला गेला होतात का? गेला असाल तर मांडवातलं लाइटिंग बघून आला असाल, एवढीच प्रार्थना.

आता स्पीकर. जुन्या टेपांमध्ये स्पीकरची ऋण बाजू गाडीच्या बॉडीला टेकवली तरी चालायचं. वायर वाचायची. तुम्ही त्याच जमान्यात हात चालवायला शिकलेले दिसता. पण हा डेक नवा. याच्या दोन्ही तारांवर सहा-सात व्होल्ट उभे असतात. त्यातली एक बॉडीला लावणं म्हणजे आतल्या चिपचा गळा आवळणं. मागच्या डाव्या स्पीकरचं तुम्ही तेच केलंत. डेकमागचा 10 अँपिअरचा फ्यूज जळला असणार, दुसरा जळला असणार. शहाणा माणूस इथे थांबून विचारतो, की हा का जळतोय? तुम्ही जळक्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलीत आणि दाबून बसवलात. मग जळेना. याला म्हणतात दुरुस्ती.

(जाता जाता: डेकवर मोठ्या अक्षरात '50 वॅट × 4' असं छापलंय. 10 अँपिअरचा फ्यूज, 14 व्होल्ट, म्हणजे आत जातात 140 वॅट आणि बाहेर येतात 200. हे पाप तुमचं नाही. पण गिऱ्हाइकाला तुम्ही ते मोठ्याने वाचून दाखवलं असणार.)

मागच्या उजव्या स्पीकरच्या धन-ऋण तुम्ही उलट्या जोडल्यात. डावा पडदा पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो, आणि दोघं मिळून खर्जाचा आवाज खाऊन टाकतात. म्हणून या गाडीत मला तबला ऐकू यायचा, डग्गा नाही. कित्येक मैफली मी अर्ध्या ऐकल्या. मुलीला गंमत म्हणून दाखवलं: दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. बरोबर लागला तर पडदा टुण्णकन बाहेर येतो, उलटा लागला तर आत जातो. इतकंच. चार स्पीकर तपासायला तिला दोन मिनिटं लागली. ती नऊ वर्षांची आहे.

अर्थची काळी वायर तुम्ही रंग न खरवडता एका स्क्रूखाली दाबलीत, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे डासाचा सूर चढत जायचा. यावर मी तुम्हाला सोडून देतो. मागच्या शेल्फला करवतीने पाडलेल्या त्या दोन पपईच्या आकाराच्या भोकांवरही.

एका गोष्टीवर मात्र सोडणार नाही. बॅटरीपासून डेकपर्यंतची तुमची ती वायर. बोनटमधून आत यायला तुम्ही पत्र्याला भोक पाडलंत, त्याला रबरी बूच लावलं नाहीत. दहा-पंधरा वर्षं थरथरून पत्र्याच्या धारेने वायरचं कातडं अर्धं कापत आणलं होतं. आतलं तांबं मला दिसलं. तिथे वायर पत्र्याला टेकली असती तर बॅटरीने शेकडो अँपिअर त्यात ओतले असते. आणि वाटेत फ्यूज नाही. डेकमागचा फ्यूज डेकसाठी असतो. वायरसाठी वेगळा लागतो, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. किंमत एका चहाची. गुरुजी रोज रात्री टर्मिनल काढत होते म्हणून निदान रात्री तरी ती गाडी सुरक्षित होती. दिवसा त्याच गाडीतून ते नातवंडांना शाळेत सोडत.

असो. पुण्याच्या तापकीर गल्लीतून वायर, कपलर, फ्यूज होल्डर, रबरी बूच आणि गरम केली की आवळून बसते ती स्लीव्ह आणली. दोन-तीनशे रुपयांच्या ज्या कपलरने हे सगळं अर्ध्या तासात झालं असतं, त्याचं गाडीकडचं टोक तुम्ही मुळापासून कापलेलं असल्यामुळे एकेक तार शोधून डाग दिले. शेवटी मीटर लावला: 0.02. बॅटरी आता दोन आठवडे उभी राहिली तरी हूं की चूं करत नाही. डग्गा परत आलाय. सोसायटीतले दोघे बाहेरगावाहून परतलेत. गुरुजींना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "तरी रात्री टर्मिनल काढत जा. सवय चांगली असते."

एवढं सगळं करूनही परवा पहिल्याच स्पीडब्रेकरवर डेक खडखडला. त्या मॉडेलची पत्र्याची चौकट आता नाना पेठेत कुठेच मिळत नाही. तेव्हा ती लग्नपत्रिका मी पुन्हा घडी घालून होती तिथेच बसवली आहे. फक्त तुम्ही गणपती उलटा ठेवला होता, तो सुलटा केला.

कळावे,
आपला,
तिसरा मालक